तुमची गोष्ट दिसतेय कुणाला आणि सांगतंय कोण?

कथा लिहून झाली की आपण ती दोनचार जणांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिकडून "मस्त रे", "छान जमलीय" असं येतं आणि पुढे काहीच येत नाही. कुणी जरा जास्तच जवळचा असेल तर म्हणतो, चांगली आहे, पण कुठेतरी पकड घेत नाही बघ. हे कुठेतरी म्हणजे नेमकं कुठे ते त्यालाही सांगता येत नाही, मग आपण आपले प्लॉट बदलायला बसतो, शेवटी एखादा मृत्यू टाकतो, पावसाचं वर्णन दोन ओळींनी वाढवतो, आणि कथा होती तिथेच राहते. मला विचाराल तर नव्या लोकांच्या कथांमध्ये प्लॉट बऱ्यापैकी असतो, भाषाही बरी असते, घोळ असतो तो निवेदनात. म्हणजे ही गोष्ट सांगतंय कोण, ती दिसतेय कुणाला आणि ज्याला दिसतेय तो किती जवळ उभा आहे, हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं, बोटं जिकडे चालली तिकडे गोष्ट गेली. हल्ली सगळे याला पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणतात, समीक्षेच्या पुस्तकात दृष्टिकोन, निवेदक असे शब्द येतात आणि ते वाचलं की एम. ए. च्या गाइडची आठवण येऊन झोप येते. पण मामला तसा सोपा आहे.

एकच प्रसंग घेऊ आणि त्याच्यावरच सगळं करून बघू. संगीता बार्शीत राहते, लग्नाला बारा-तेरा वर्षं झालीत, दहा वर्षांची एक मुलगी आहे. धाकटा भाऊ बाळू गावाकडनं आलाय, हातात पिशवी, पिशवीत साडी आणि साडीच्या खाली हक्कसोडपत्राचे कागद. वडील, म्हणजे आप्पा, वारले, सातबाऱ्यावर वारस म्हणून भावाबरोबर बहिणीचंही नाव लागलं, आता तिनं तिचा हक्क सोडून द्यावा अशी त्याची इच्छा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा हे महाराष्ट्रात १९९४ ला आलं, देशभर २००५ च्या दुरुस्तीनं आलं, पण चहा पिता पिता बहिणीकडे सही मागायची पद्धत काही गेली नाही. हा प्रसंग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नात्यात कुठे ना कुठे पाहिलेला आहे, म्हणून मुद्दाम घेतला. यात प्लॉट शोधायची गरज नाही, प्लॉट पिशवीत आहे.

आता पहिला ड्राफ्ट साधारण असा येतो:

"संगीताने चहा ठेवला. बाळूला भीती वाटत होती की अक्का नाही म्हणेल. गेल्या वर्षीच त्याने बोअरसाठी कर्ज काढले होते. संगीताला यातले काहीच माहीत नव्हते, पण साडी बघून तिला संशय आला. दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला मात्र सारे कळून चुकले होते आणि तो मनातून संतापला होता. बिचारी संगीता! पुढे काय वाढून ठेवले आहे याची तिला कल्पनाही नव्हती."

व्याकरण ठीक आहे, माहिती सगळी आहे, आणि वाचणाऱ्याला करायला काहीही उरलेलं नाही. मोजून सात वाक्यांत आपण बाळूच्या डोक्यात गेलो, संगीताच्या गेलो, नवऱ्याच्या गेलो आणि शेवटी लेखक स्वतःच पुढे येऊन बिचारी म्हणून गेला. या प्रसंगात गंमत एवढीच होती की तिघं एका खोलीत आहेत आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी माहीत आहे. ती सगळी झाकणं आपणच उघडून टाकली. भाऊ कशाला आलाय हे संगीता अजून हुडकतेय आणि वाचकाला ते आधीच कळलंय, मग तो तिच्याबरोबर कशाला थांबेल?

इथे लगेच कुणीतरी म्हणतं, अहो पण सर्वज्ञ निवेदक नावाचा प्रकार असतोच की, सगळ्यांच्या मनातलं जाणणारा. असतो ना. पण सर्वज्ञ निवेदक म्हणजे कीर्तनकार. तो आख्यान लावतो तेव्हा राजाच्या मनात काय, राणीच्या मनात काय, सगळं सांगतो, मधेच थांबून समोरच्या लोकांना टोमणा मारतो, आणि आपल्याला ते चालतं कारण तिथे सगळा वेळ बोलतोय तो एकच माणूस, त्याची एक ढब आहे, कुठली गोष्ट आत्ता सांगायची आणि कुठली दाबून ठेवायची यावर त्याची हुकमत आहे. वरच्या ड्राफ्टमध्ये असा कुणी माणूसच नाही. तुम्हाला खरोखर सर्वज्ञ निवेदक हवा असेल तर त्याला पहिल्या वाक्यापासून आवाज द्या, त्याला मतं असू द्या, तो खवचट आहे का दयाळू आहे ते ठरवा. ते जमायला अवघड आहे, म्हणून सुरुवातीला एकाच माणसाच्या जवळ राहून लिहा असं मी सांगेन.

जेरार जनेत नावाचे एक फ्रेंच अभ्यासक होते, त्यांनी १९७२ च्या पुस्तकात दोन प्रश्न वेगळे काढून ठेवले: पाहतंय कोण आणि बोलतंय कोण. ऐकायला किरकोळ वाटतं, पण निम्मा गोंधळ इथेच सुटतो. गोष्ट "ती"च्या भाषेत लिहिलीय म्हणजे बोलणारा निवेदक कुणीतरी वेगळा आहे, पण खोलीतल्या वस्तू संगीताला दिसतायत तशाच आणि तेवढ्याच दिसतात. तिची पाठ वळली की वाचकालाही मागचं दिसायचं बंद. हा नियम पाळून तोच सीन लिहू, फक्त नवरा अजून घरी यायचाय:

"संगीतानं चहा ठेवला. पिशवीतनं साडी त्यानं अजून पुरती काढलीच नव्हती, नुसता कोपरा वर आला होता. हिरवी. आत्ता हिरवी आणायला पंचमी आहे का संक्रांत. बोअर घेतली म्हणे यानं, वहिनी बोलली होती फोनवर, साडेचारशे फुटाला नुसता फुफाटा. तिनं साखर टाकली, मग अजून एक चमचा टाकली, लहानपणी ओंजळीनं खायचा. मागनं बाळूचा आवाज आला, 'अक्का, दाजी किती वाजता येतात गं घरी?'"

यात नवऱ्याचा संताप नाही, बाळूची भीती नाही, कागद तर दिसलेलाच नाही. तरीपण शेवटच्या प्रश्नाला वाचकाचे कान उभे राहतात, कारण दाजी यायच्या आत काहीतरी उरकायचंय हे त्याचं त्यालाच कळतं, कुणी सांगावं लागत नाही. आणि "आत्ता हिरवी आणायला पंचमी आहे का संक्रांत" हे वाक्य बघा. हे बोललं कोण? निवेदक बोलला नाही, संगीताही तोंडानं बोलली नाही, "असा विचार तिच्या मनात आला" असंही कुठे लिहिलेलं नाही. वाक्य तिच्या मनातलं आहे आणि सरळ निवेदनात येऊन बसलंय. याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन असं लांबलचक नाव आहे, नाव विसरलात तरी चालेल, पण आजच्या कथेतलं सगळ्यात कामाचं हत्यार हेच आहे.

ह्याच हत्यारावरनं एक लेखक कोर्टात उभा राहिलाय हो. फ्लोबेर या फ्रेंच लेखकाची मादाम बोव्हारी ही कादंबरी १८५६ मध्ये मासिकातनं क्रमशः आली आणि जानेवारी १८५७ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. नायिका आपल्या व्यभिचारावर मनातल्या मनात खूश होते असा एक भाग त्यात आहे, सरकारी वकिलानं ते तिचे विचार लेखकाचंच मत म्हणून धरले आणि म्हणाला बघा, हा व्यभिचाराचं गुणगान करतोय. फेब्रुवारीत फ्लोबेर सुटला. योगायोग असा की त्याच १८५७ मध्ये आपल्याकडे बाबा पदमनजींची यमुनापर्यटन आली, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. तर पात्राचं म्हणणं आणि लेखकाचं म्हणणं वेगळं असू शकतं हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो, आजही कथेतला माणूस काहीतरी वाईट बोलला की लोक लेखकालाच जाब विचारतात.

मराठीत हे करायला फार सोयी आहेत आणि आपण त्या वापरत नाही. बोलताना आपण रोज वापरतो, लिहायला बसलो की विसरतो. "आपण" घ्या. "तिला वाटलं की तिने नाही म्हणायला हवं होतं" असं लिहिलं की ती लांब गेली, "आपण नाही म्हणायला हवं होतं" लिहिलं की आपण तिच्या डोक्यात, आणि "तिला वाटलं की" ची गरजच संपली. मग ते "म्हणे". बोअरची माहिती पहिल्या ड्राफ्टमध्ये निवेदकानं सांगितली होती, दुसऱ्यात ती "म्हणे" ला धरून संगीताच्या कानावरनं आली, त्यामुळे वहिनीचा फोन होतो पण भावाचा होत नाही हेही फुकटात कळलं. "की", "ना", "तर", "बाई", "एकदाचा", असल्या बारक्या शब्दांत माणसाचा सगळा सूर असतो. "बाळू आला" आणि "बाळू आला एकदाचा" यात किती फरक आहे सांगा, आणि लोक तो फरक आणायला "तिच्या मनात संमिश्र भावना दाटून आल्या" असलं काहीतरी लिहितात.

नावांचंही तसंच. संगीतासाठी तो बाळू आहे. त्याची बायको त्याला बाळू म्हणणार नाही, तिच्यासाठी ते "हे". गावात पतसंस्थेवाला बाळासाहेब म्हणत असेल, आणि वसुलीला आल्यावर नुसतं "ओ शिंदे". तुम्ही संगीताच्या जवळ बसलाय ना, मग निवेदनातसुद्धा तो बाळूच राहायला हवा, मधेच "त्या तरुण शेतकऱ्याने कपाळावरचा घाम पुसला" असं आलं की संपलं, तिला तिचा भाऊ तरुण शेतकरी म्हणून कधी दिसलेला नाही. आप्पांच्या बाबतीत "तो" का "ते" हेही याच हिशोबात ठरतं. संगीता आप्पांना "अहो आप्पा" म्हणत असेल तर निवेदनातही "आप्पा गेले, त्यांनी" असंच येणार, आणि एखादीला बापाचा इतका राग असेल की ती मनात त्याला "तो" म्हणते तर तो एक शब्द पानभर फ्लॅशबॅकचं काम करतो. फक्त एकाच परिच्छेदात "वडील आला", "त्यांनी सांगितले", "तो म्हणाला" अशी खिचडी नको.

आता जवळ बसायचं म्हणजे कुणाच्या जवळ? सगळे पटकन संगीताला निवडतात, अन्याय तिच्यावर होतोय म्हणून. मी इथे जरा थांबायला सांगतो. बाळूच्या जवळ बसून बघा:

"साडी दुकानदारानं पुढं केली ती त्यानं घेतली होती. हिरवी होती हे आत्ता दिसलं. अक्का पाठमोरी उभी, ओट्यावर. आता काढावा का कागद, का चहा झाल्यावर. चहा झाल्यावर. दाजी यायच्या आत मात्र."

एवढ्यातच बाळू खलनायक राहिला नाही, माणूस झाला. अन्याय तोच आहे, तो काही कमी झालेला नाही, पण आता आपण तो करणाऱ्याच्या घशात बसलोय आणि ते जास्त अवघड आहे. अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेल्या कथेत वाचक आधीपासूनच आपल्या बाजूला असतो, त्याला हलवायला जागाच कमी राहते. ज्याला काहीतरी लपवायचंय किंवा ज्याला आत्ता या खोलीत काहीतरी ठरवायचंय त्याच्याजवळ बसलं की सीन आपोआप ताणला जातो, असा माझा तरी अनुभव आहे. तिघांच्याही बाजूनं तीनतीनशे शब्द लिहून बघा, तासाभराचं काम आहे, कुठली बाजू हात धरून ओढतेय ते बोटांनाच कळतं.

फक्त एक लबाडी करायची नाही. बाळूच्या डोक्यात बसायचं आणि पिशवीत कागद आहेत ही गोष्ट शेवटच्या पानापर्यंत वाचकापासून लपवायची, हे चालत नाही. त्याच्या डोक्यात त्या वेळी दुसरं काही नाहीच, मग आपल्याला ते दिसलं कसं नाही? वाचक चिडतो आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. कागदाचा धक्का द्यायचा असेल तर संगीताकडे बसा, तिला माहीत नाही म्हणून आपल्यालाही माहीत नाही. बाळूकडे बसलात तर कागद पहिल्या ओळीतच सांगून टाका आणि ताण दुसरीकडे न्या, म्हणजे तो तोंड कधी उघडणार इकडे.

"मी" लावून लिहिणं सगळ्यांना सोपं वाटतं, डायरी लिहिल्यासारखं. पण मराठीत "मी" लावलं की पहिल्याच क्रियापदात तो बाई का पुरुष हे बहुतेक वेळा सांगून व्हायला लागतं, आणि त्याच्यापाठोपाठ तो कुठला, किती शिकलेला, कुणाशी बोलतोय हे सगळं मागे लागतं. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये करमणूक सुरू केलं आणि त्यातनं "पण लक्षात कोण घेतो" क्रमशः दिली, ती सगळी यमू स्वतः सांगते. पुरुष लेखक, आणि पानोपानी "मी गेले, मी रडले". तेव्हाच्या बाईच्या आयुष्यावर बाहेरनं उपदेश करणं सोपं होतं, ते तर सगळेच करत होते, पण बाईलाच बोलायला लावल्यावर लेखकाला स्वयंपाकघरात, माजघरात, जिथे पुरुष बसत नाहीत तिथे बसून बघावं लागलं. निवेदक बदलला की लेखकाला दिसणारी खोली बदलते ती अशी.

आपल्या प्रसंगात "मी" कुणाला द्यावा? मी तर पोरीला देईन.

"मामा आला की आई चहात जास्त साखर टाकते. मामानी पिशवीतनं साडी काढली, मग साडीच्या खालनं कागद काढला, वरती नोटेवर असतं तसं चित्र होतं. आई म्हणली चहा गार होतोय. मामा म्हणला अक्का नुसती सही गं. मला सही येते, इंग्लिशमधी पण येते. मी म्हटलं मी करू का, तर कोणीच हसलं नाही."

हक्कसोडपत्र हा शब्द तिला माहीत नाही, म्हणून तो इथे येऊच शकत नाही, आणि त्याच्या न येण्यानंच काम झालं. दहा वर्षांच्या मुलीला निवेदक केलं की लोक एक ठरलेली गडबड करतात, तिच्या तोंडी "आईच्या डोळ्यांत मला एक अथांग वेदना दिसली" घालतात. दहा वर्षांच्या पोरीला अथांग वेदना दिसत नाही हो, तिला चहा गार झालेला दिसतो. पण हीच पोर पंचवीस वर्षांनी हा दिवस आठवून सांगत असेल तर मात्र हिशोब वेगळा, तेव्हा पाहणारी दहा वर्षांची आणि बोलणारी पस्तिशीची, तिला शब्द माहीत आहेत, पुढे काय झालं तेही माहीत आहे. तुमचा "मी" घटनेच्या किती वर्षांनी बोलतोय हे एका कागदावर लिहून समोर ठेवा. निम्मे फर्स्ट पर्सन ड्राफ्ट इथेच गडगडतात, अर्धं वाक्य तेव्हाचं आणि अर्धं आत्ताचं.

आता बोलीचा प्रश्न, ज्यावर भांडणं फार होतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. माडगूळकरांच्या बनगरवाडीत (१९५५) ती चपखल बसते, कारण तिथे गोष्ट सांगणारा तरुण मास्तर वाडीतला नाही, तो बाहेरनं नोकरीवर आलाय, त्यानं धनगरांचं बोलणं ऐकायचं आणि आपल्या भाषेत सांगायचं हे अगदी साहजिक आहे. उलट नेमाड्यांच्या कोसलात (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःच बोलतोय, तेव्हा त्याचे ते उदाहरणार्थ आणि वगैरे सरळ निवेदनात शिरतात आणि शिरायलाच पाहिजेत. म्हणजे निवेदन कुठल्या मराठीत हा प्रश्न सुटा नाहीच, सांगणारा ठरला की त्याची मराठी ठरली. आपल्या संगीताची गोष्ट "ती" लावून लिहिताना सगळं निवेदन बार्शीकडच्या बोलीत लिहा असं मी म्हणणार नाही, पण जे वाक्य तिच्या मनातलं आहे ते तिच्या शब्दांत हवं. तोंडानं ती "कशाला आलाईस" म्हणते आणि मनात "त्याच्या आगमनाचे प्रयोजन" शोधते असं होत नसतं.

आणि बोली लिहायची तर कानानं लिहा. टीव्हीवरची एक गावाकडची भाषा आहे, ती कुठल्याच गावात बोलत नाहीत, थोडी कोल्हापूरची, थोडी सोलापूरची, आणि वरनं प्रत्येक ण चा न केलेला. सगळ्या खेडूत पात्रांचं पाणी "पानी" करून टाकलं आणि शहरी पात्रांचं "नाही" मात्र तसंच ठेवलं, जे तेही बोलताना "नै" म्हणतात, तर ती बोली राहत नाही, चेष्टा होते. दोनचार खुणा पुरतात, क्रियापदाचा शेवट, एखादं "की", एखादं "व्हय", हाक मारायची पद्धत. बाकी काम वाक्याच्या चालीवर सोडा.

संवादाबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट ते एकमेकांना सांगत नाहीत. "अक्का, तुला माहीतच आहे की आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली आणि आपली सहा एकर जमीन आहे" हे बाळू बहिणीला सांगत नाहीये, लेखक वाचकाला सांगतोय आणि बाळूचं तोंड भाड्यानं घेतलंय. तीच माहिती भांडणातनं येते: "आप्पा असते तर तू असं बोलली नसतीस." "आप्पा असते तर तू आलाच नसतास." दुसरं म्हणजे, विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय खऱ्या माणसांना नसते.

"नुसती सही अक्का. उद्या अकराला ऑफिसात."
"साखर बरी झाली का बघ."
"सगळ्या बहिणी देतात गं."
"सगळ्या म्हणजे कोण कोण?"

साखरेचं वाक्य हेच उत्तर आहे. त्याच्यापुढे "ती विषय टाळत म्हणाली" असं चिकटवू नका, ते वाचकाला दिसलंय. आणि या चार ओळींत कुठेही जमीन, वाटा, हक्क यातला एकही शब्द नाही, आपल्याकडे असल्या बैठकीत तो शब्द सगळ्यात शेवटी निघतो, निघालाच तर.

हे सगळं पहिल्या ड्राफ्टला डोक्यात ठेवायला जाल तर एक ओळ पुढे सरकणार नाही. पहिला ड्राफ्ट वाटेल तसा येऊ द्या, उड्या मारू द्या. मग काही दिवसांनी प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. वाटलं, दिसलं, जाणवलं, कळलं, ऐकू आलं, आठवलं, या सगळ्यांखाली रेघ मारा आणि समासात लिहा, कुणाला. एका पानावर तीन नावं आली की कुठे घसरलात ते कळलं. मग ज्यांना एकच नाव आहे त्यातलीही बरीच काढून टाका. "बाळूने घड्याळाकडे पाहिलेले तिला दिसले" कशाला, "बाळूनं घड्याळ बघितलं" म्हणा, तिच्याजवळ बसलोय म्हणजे तिला दिसलं हे आलंच.

त्यानंतर एक परीक्षा, ही रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाच्या १९६६ च्या एका लेखातली, आणि ती अफलातून आहे. "ती" च्या जागी "मी" घालून उतारा वाचायचा. "संगीतानं चहा ठेवला, अजून एक चमचा साखर टाकली" चं "मी चहा ठेवला, अजून एक चमचा साखर टाकली" होतं, काही मोडत नाही, म्हणजे तुम्ही खरंच तिच्याजवळ होतात. आता "संगीताचे टपोरे डोळे पाणावले आणि तिच्या गोऱ्या चेहऱ्यावर विषादाची छटा पसरली" याचं करा. "माझे टपोरे डोळे पाणावले आणि माझ्या गोऱ्या चेहऱ्यावर विषादाची छटा पसरली." हसू आलं ना? म्हणजे तिथे संगीता नव्हती, लेखक समोर उभा राहून तिच्याकडे बघत होता. अशी जागा सापडली म्हणजे ती कापलीच पाहिजे असं नाही, मुद्दाम बाहेर आला असाल तर राहू द्या, पण मुद्दाम आलात का चुकून ते स्वतःला खरं सांगा.

राहता राहिलं एकापेक्षा जास्त जणांच्या बाजूनं लिहिणं. करता येतं, कादंबरीत तर भरपूर करतात, पण अदलाबदल वाक्याच्या मधे करू नये, जागा सोडून करावी. दोन ओळींची मोकळी जागा किंवा तीन चांदण्या, आणि नवा भाग सुरू झाला की पहिल्याच वाक्यात आता कुणाकडे आलोय ते कळू द्या, नावानं किंवा नुसत्या सुरानं. दिवाळी अंकातल्या कथेची लांबी असेल, म्हणजे तीन-चार हजार शब्द, तर दोघांच्या वर जाऊ नका, एक असेल तर उत्तमच. आणि दुसऱ्याकडे जायचं तर तेव्हाच, जेव्हा पहिल्याला जे कधीच कळणार नाही असं काहीतरी तिकडे आहे. बाळू परतीच्या एसटीत बसलाय, सही झालीय किंवा झालेली नाही, आणि अक्कानं डब्यात काय भरून दिलंय ते तो उघडून बघतोय, हे संगीताला कुठनं दिसणार? तिथे चांदण्या टाका.